घर गहाण ठेवण्याआधी एका चित्राची फाइल करून बघा

पत्र: मी कोल्हापूरची, वय २४. इतिहासात बीए झालं, आता एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची चित्रं पहिल्यांदा एका दिनदर्शिकेवर पाहिली आणि तेव्हापासून इम्प्रेशनिझमचं वेड लागलंय. मला याच विषयातली कला-इतिहासकार व्हायचं आहे. परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका संस्थेने लंडनमधला एका वर्षाचा एमए सुचवलाय. फी, राहणं, विमान धरून चाळीस लाखांच्या घरात जातं. बाबा सहकारी बँकेतून निवृत्त झालेत. ते घर तारण ठेवायला तयार आहेत, पण मनातून त्यांना वाटतं मी बीएड करावं. मला फ्रेंच येत नाही. खरं मोने मी अजून पाहिलेलं नाही. जाऊ का? – मृ. क.

उत्तर: यंदा जाऊ नका, आणि घर तर गहाण ठेवूच नका. तुमची आवड खोटी आहे असं मुळीच नाही. पण तुमच्या पत्रातल्या शेवटून तिसऱ्या वाक्यात, फ्रेंच न येण्यात, खरी अडचण आहे, आणि ती लंडनला जाऊन एका वर्षात सुटणारी नाही.

इम्प्रेशनिझमचा (क्षणाचा उजेड टिपणारी एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच चित्रशैली; मराठी विश्वकोश याला 'दृक्‌प्रत्ययवाद' म्हणतो, बोलताना कुणी म्हणत नाही) जवळजवळ सगळा कच्चा माल फ्रेंचमध्ये आहे. पत्रं, लिलावाच्या याद्या, चित्रविक्रेत्यांच्या वह्या, वर्तमानपत्रांतली परीक्षणं, मृत्युपत्रं, सगळंच. इंग्रजीत जे वाचायला मिळतं ते कुणीतरी आधी निवडलेलं, गाळलेलं आणि बरेचदा सोपं केलेलं असतं. इंग्रजीवर भागवणारा माणूस या विषयावर चांगलं बोलू शकतो, लेख लिहू शकतो, संग्रहालयात लोकांना फिरवून आणू शकतो. नवीन काही शोधू शकत नाही. आणि लंडनचा एमए म्हणजे हातात जेमतेम दहा-बारा महिने. त्यात निबंध, सेमिनार, प्रबंधिका यांतून मान वर काढायला वेळ नसतो, तर भाषा शिकणार कधी? फ्रेंच न येता गेलेला विद्यार्थी तिथे इंग्रजी पुस्तकांवरून इंग्रजी पुस्तक लिहून परत येतो. पदवी मिळते. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न 'मूळ कागद कुठले पाहिलेत?' असा येतो आणि गाडी तिथेच अडते.

त्या सल्लागार संस्थेबद्दल एवढंच: अशा बहुतेक संस्थांना प्रवेशामागे विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण सल्ला कुणाच्या सोयीचा आहे ते कळलेलं बरं. ज्या अभ्यासक्रमाला विद्यापीठच पूर्ण शिष्यवृत्ती देतं, तिथे एजंटाला मिळण्यासारखं काही नसतं, म्हणून असे अभ्यासक्रम तुमच्या यादीत नसतील. नाहीत ना?

आता काय करायचं ते सांगते. सहा महिने, एकच चित्र, आणि त्याची एक फाइल.

या धंद्यात कामाचं एकक पुस्तक नसून चित्राची फाइल हेच आहे. संग्रहालयात, लिलावघरात, एखाद्या चित्रकाराच्या सगळ्या कामांची समग्र सूची करणाऱ्या चमूत, कुठेही गेलात तरी रोज हेच करायचं असतं: एका वस्तूबद्दल जे जे सिद्ध करता येतं ते एका ठिकाणी, ठरलेल्या रांगेत मांडायचं. चित्रकार. आजवर मिळालेली सगळी नावं, नुसतं आजचं नाव नव्हे. तारीख आणि ती कशावरून. माध्यम. माप, आधी उंची मग रुंदी, सेंटिमीटरमध्ये. सही कुठे, कोणत्या रंगात. मागच्या बाजूवरचे शिक्के, चिठ्ठ्या, खडूचे आकडे. मालकीची साखळी. कोणकोणत्या प्रदर्शनांत, कुठल्या क्रमांकाने. कुणी काय लिहिलं. आजची अवस्था. हे कंटाळवाणं वाटलं तर तुमचं प्रेम चित्रांवर आहे, कला-इतिहासावर नाही. त्यात वाईट काही नाही, फक्त ते चाळीस लाख खर्च करण्याआधी कळायला हवं.

चित्र कोणतं घ्यायचं? पहिल्या खेपेला मुद्दाम असं घ्या ज्याचं काम आधी झालेलं आहे, म्हणजे स्वतःचं उत्तर पडताळून पाहता येईल. दिनदर्शिकेवर तुम्ही बहुधा जे पाहिलंत तेच घेऊ: मोनेचं 'इम्प्रेशन, सूर्योदय'. पॅरिसच्या मार्मोताँ मोने संग्रहालयात आहे. माप ४८ × ६३ सेंटिमीटर. घरी उघडून पसरलेल्या वर्तमानपत्राच्या जोडपानाला कात्री लावून एवढा तुकडा कापा आणि भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. पडद्यावर पाहणाऱ्या बहुतेकांना हे चित्र भिंतभर असावं असं वाटत असतं. आहे एवढंसं. मोनेच्याच शेवटच्या कमळांच्या पट्ट्या मीटर-मीटरांत मोजायच्या असतात. स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसतात आणि इथूनच चुका सुरू होतात.

मग मोबाइलवर त्याचा फोटो घ्या आणि रंग काढून काळा-पांढरा करा. तो नारिंगी सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. सूर्य आणि त्याच्या मागचं धुकं यांचा रंग वेगळा आहे, पण उजेडाची पातळी एकच आहे. डोळा रंग आणि उजेड वेगवेगळ्या वाटांनी वाचतो. उजेड सांगणाऱ्या वाटेला तिथे सूर्य सापडतच नाही, म्हणून तो जागेवर ठरत नाही, थरथरल्यासारखा वाटतो. 'प्रकाशाची जादू' असले शब्द वापरायची सवय मोडायला हा एक प्रयोग पुरेसा आहे. जे दिसतं ते कशामुळे दिसतं, एवढं लिहायचं.

आता तारीख. खाली डावीकडे सही आहे आणि तिच्याशेजारी '७२'. झालं, १८७२, असं म्हणून पुढे जाणारा विद्यार्थी पहिल्याच परीक्षेत नापास. मोने बरेचदा चित्र विकलं जाताना सही करत असे, कधी वर्षांनंतर, आणि मागच्या आठवणीने आकडा टाकत असे. दानिएल विल्डेनस्टाइन यांनी मोनेच्या चित्रांची समग्र सूची केली, तिचा पहिला खंड १९७४ साली आला. त्या सूचीत या चित्राचा क्रमांक २६३ आहे, आणि त्यांनी सहीतल्या आकड्यावर विश्वास न ठेवता ते १८७३ मध्ये टाकलं होतं. २०१४ मध्ये मार्मोताँने या प्रश्नासाठी अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांची मदत घेतली. त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. जुन्या नकाशांवरून आणि फोटोंवरून ल आव्र या फ्रेंच बंदरातल्या, मोने उतरला होता त्या हॉटेलची खिडकी ठरवली, तिथून सूर्य कोणत्या दिशेला आहे ते मोजलं. क्षितिजापासून सूर्याची उंची पाहता उगवून वीस-तीस मिनिटं झालेली. त्या दिशेला सूर्य वर्षातून दोनदाच येतो, नोव्हेंबरच्या मध्यात आणि जानेवारीच्या अखेरीस. चित्रातली मोठी शिडाची जहाजं बंदरातून भरतीच्या वेळेसच हलू शकत, म्हणून भरतीची कोष्टकं लावली. उरलेल्या दिवसांचे हवामानाचे अहवाल पाहिले, पाऊस-वादळाचे दिवस गाळले. धूर कुठल्या बाजूला झुकलाय त्यावरून वाऱ्याची दिशा घेतली. शेवटी दोन दिवस उरले: १३ नोव्हेंबर १८७२ आणि २५ जानेवारी १८७३. आणि या दोघांत निवड कशावरून केली? त्याच सहीशेजारच्या '७२' वरून. वेळ सकाळी ७ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास.

तुमच्या फाइलीत हे 'चित्र १३ नोव्हेंबर १८७२ ला काढलं' असं येता कामा नये. पायरी-पायरीने यायला हवं, आणि शेवटी हेही यायला हवं की हा सगळा हिशेब मोनेने खिडकीतून जे दिसलं तेच काढलं या गृहीतकावर उभा आहे. त्याने एखादं जहाज सोयीसाठी सरकवलं असेल तर? गृहीतक वाईट नाही. पण ते गृहीतक आहे एवढं लिहून ठेवायचं.

नावाचं प्रकरण याहून गमतीचं. १५ एप्रिल १८७४ ला पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादारच्या रिकाम्या झालेल्या स्टुडिओत, ३५ बुलव्हार दे काप्युसिन या पत्त्यावर, प्रदर्शन उघडलं. तिकीट १ फ्रँक. यादीत १६५ कामं, आपलं चित्र ९८ क्रमांकावर. यादी करत होता चित्रकार रन्वारचा भाऊ एदमों. त्याने नाव विचारलं तेव्हा हे काही ल आव्रचं दृश्य म्हणून खपणार नाही, 'इम्प्रेशन' लिहा, असं आपण सांगितल्याचं मोनेने नंतर स्वतःच सांगितलं. चार वर्षांनी लिलावात हेच चित्र 'सूर्यास्त' म्हणून आलं. १८७९ च्या प्रदर्शनात 'धुक्याचा परिणाम' अशा अर्थाच्या नावाने. म्हणजे कुठल्याही जुन्या यादीत 'सूर्योदय' शोधत बसलात तर चित्र मधली कित्येक वर्षं हरवलेलं वाटेल. नावावरून चित्र शोधू नये. मापावरून, मालकावरून आणि वर्णनावरून शोधावं. विक्रेते नावं बदलतात, मालक बदलतात, संग्रहालयंही बदलतात.

मालकीची साखळी लिहायचीही एक रीत आहे, आणि ती विरामचिन्हांवर चालते. अमेरिकन संग्रहालयांच्या पद्धतीत दोन मालकांमध्ये अर्धविराम असेल तर चित्र थेट एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. पूर्णविराम असेल तर मधलं माहीत नाही. या चित्रापुरतं ते असं दिसेल:

चित्रकाराकडून एर्नेस्त ओशदे, पॅरिस, मे १८७४, ८०० फ्रँक; ओशदे यांचा लिलाव, पॅरिस, जून १८७८, २१० फ्रँकला जॉर्ज द बेलिओ, पॅरिस; वारसाने त्यांची मुलगी व्हिक्तोरीन दोनो द मोंशी; तिच्याकडून मार्मोताँ संग्रहालयाला भेट.

या चार नोंदींत एका कापड-व्यापाऱ्याचं दिवाळं आहे (ओशदेचं, त्याची बायको आलिस पुढे १८९२ मध्ये मोनेची बायको झाली), एका होमिओपॅथ डॉक्टरचा चोखंदळपणा आहे आणि चार वर्षांत किंमत चौथ्या हिश्श्यावर आल्याचा पुरावा आहे. पुढे १९८५ मध्ये हे चित्र संग्रहालयातून चोरीला गेलं आणि १९९० मध्ये कॉर्सिकात सापडलं. मालकी बदलली नाही म्हणून ते साखळीत येत नाही, टिपेत येतं.

एक पूर्णविराम किती महाग पडतो ते पाहायचं असेल तर इम्प्रेशनिस्ट चित्रकार पिसारोचं १८९७ सालचं पावसातल्या र्यु सेंतोनोरेचं चित्र शोधा. ते बर्लिनच्या कासिरर कुटुंबाकडे होतं. १९३९ मध्ये देश सोडण्याची परवानगी मिळावी म्हणून लिली कासिरर यांना ते ९०० राइशमार्कला द्यावं लागलं, आणि तो पैसाही त्यांच्या हातात पडला नाही. आज ते माद्रिदच्या थिसेन संग्रहालयात आहे आणि वारसांचा अमेरिकेतला दावा २००५ पासून चालत आलाय. १९३३ ते १९४५ मधली कोणतीही रिकामी जागा आज लाल शाईत मोजतात. नाझींनी लुटलेल्या कलावस्तूंबाबतच्या १९९८ च्या वॉशिंग्टन तत्त्वांनंतर संग्रहालयांनी आपापल्या भिंती तपासायला घेतल्या आणि मालकीचा माग काढणारे असं एक स्वतंत्र पदच तयार झालं. नव्या लोकांना या क्षेत्रात आत शिरायला सध्या जी थोडी दारं किलकिली आहेत त्यांतलं हे एक. फ्रेंचसोबत जर्मन वाचता येणारा माणूस इथे लगेच उपयोगी पडतो.

परीक्षणांकडे येऊ. लुई लरुआ या पत्रकाराने २५ एप्रिल १८७४ च्या 'ल शारिव्हारी' या व्यंगपत्रात या चित्राच्या नावावरून थट्टा केली आणि 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव पडलं, ही गोष्ट तुम्हाला पाठ असेल. मूळ लेख फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गॅलिका' या संकेतस्थळावर फुकट आहे. काढा आणि वाचा. ते परीक्षण नाहीच. ते प्रहसन आहे, लेखक एका काल्पनिक, जुन्या वळणाच्या चित्रकाराला सोबत घेऊन प्रदर्शनात फिरतो आणि त्या म्हाताऱ्याचं डोकं चित्रागणिक बिघडत जातं. हसू जितकं नव्या चित्रकारांचं, तितकंच त्या म्हाताऱ्याचंही आहे. मग चारच दिवसांनी, २९ एप्रिलला, 'ल सिएक्ल'मध्ये समीक्षक कास्तान्यारीने काय लिहिलं ते वाचा: हे लोक निसर्गदृश्य रंगवत नाहीत, त्या दृश्याने जी संवेदना होते ती रंगवतात. तोही 'इम्प्रेशनिस्ट' हाच शब्द वापरतो, पण समजून घेऊन. 'सगळ्या पॅरिसने त्यांची टर उडवली' हे वाक्य मराठीत, इंग्रजीत, सगळीकडे फिरतं. दोन लेख वाचले तरी ते टिकत नाही.

आणि हे लेख वाचताना फ्रेंचच्या क्लासची मर्यादा कळेल. बोलायला शिकवणाऱ्या वर्गात भूतकाळाचं एक साहित्यिक रूप, पासे सँपल, बरंच उशिरा येतं किंवा येतच नाही. एकोणिसाव्या शतकातलं छापील गद्य मात्र त्यानेच भरलेलं असतं. म्हणून क्लास लावतानाच त्याची क्रियापदांची कोष्टकं वेगळी पाठ करायला घ्या. बी-२ पातळीपर्यंत (म्हणजे स्वतःच्या बळावर वाचता-बोलता येण्यापर्यंत) यायला साधारण पाच-सहाशे तास लागतात. रोज दीड तास धरला तर वर्षाच्या थोडं वर. शिवाजी विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात फ्रेंचची तुकडी केव्हा निघते ते आधी विचारा. नसेल तर पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट आहे, आलियाँस फ्रान्सेज आहे. डेल्फ ही फ्रेंचची अधिकृत परीक्षाही तिथेच देता येते. लिलावाच्या याद्यांची परिभाषा तर चार दिवसांत येईल: व्हाँत म्हणजे लिलाव, युइल स्युर त्वाल म्हणजे कॅनव्हासवर तैलरंग, आणि एस. बी. डी. अशी तीन अक्षरं दिसली की 'सही खाली उजवीकडे'.

मापांचंही एक गुपित आहे. पॅरिसचे रंगविक्रेते ताणलेले तयार कॅनव्हास ठरावीक क्रमांकांत विकत. ३० नंबर घेतला तर व्यक्तिचित्राचा ९२ × ७३, निसर्गचित्राचा ९२ × ६५, सागरचित्राचा ९२ × ६०. लांब बाजू तीच, आखूड बाजू बदलते. एखादं चित्र कुठल्याच ठरलेल्या मापात बसत नसेल तर विचारायचं: कडा कापल्यात का? मागून दुसरं कापड चिकटवताना कुणी दुमडल्यात का? जुनी चित्रं टिकवण्यासाठी मागून कापड लावून इस्त्रीसारखा दाब देत, त्यात रंगाचे उंचवटे चपटे झाले. व्हार्निशचंही तसंच. पिसारोसारख्यांना चित्र कोरडं, मॅटच हवं होतं. नंतरच्या विक्रेत्यांनी चकाकी आणली. आपण जे 'मूळ' म्हणून पाहतो त्यात या सगळ्यांचे हात असतात.

रंगही जागेवर राहत नाही. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये रन्वारचं १८८३ चं मादाम क्लापिसाँ यांचं व्यक्तिचित्र आहे. मागची भिंत थंड निळसर-करडी. चौकट काढली तेव्हा काठाशी, जिथे शंभरावर वर्षं उजेड पोहोचला नव्हता तिथे, झगझगीत लाल पट्टी निघाली. रासायनिक तपासात कळलं की रन्वारने कोचिनील किड्यापासूनचा लाल वापरला होता आणि तो उजेडाने उडून गेला. त्या आधी ज्यांनी ज्यांनी रन्वारच्या 'संयत थंड पार्श्वभूमी'वर परिच्छेद लिहिले असतील, त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा.

सहा महिन्यांची विभागणी साधारण अशी धरा. पहिला महिना नुसतं पाहणं आणि वर्णन, दोन पानं, एकही विशेषण न वापरता. पुढचे दोन महिने मालकी आणि प्रदर्शनं. गेटी संस्थेच्या मालकी-निर्देशिकेत गुपिल या पॅरिसच्या विक्रेत्याच्या वह्या शोधता येतात, विल्डेनस्टाइन-प्लॅटनर संस्थेने जुन्या सूची ऑनलाइन ठेवल्यात, जुने लिलाव-कॅटलॉग इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात. चौथा महिना परीक्षणं, शब्दकोश मांडीवर घेऊन. पाचवा तंत्र: लंडनच्या नॅशनल गॅलरीची तांत्रिक पत्रिका आणि शिकागोची मोने-रन्वारवरची ऑनलाइन सूची, दोन्ही फुकट. यातच तुम्हाला मोनेच्या १८७० च्या त्रुव्हीलच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या चित्रात रंगात अडकलेले वाळूचे कण भेटतील, ते चित्र खरंच किनाऱ्यावर बसून काढल्याचा तो पुरावा आहे. शेवटचा महिना सगळं पंधरा-वीस पानांत लिहायला. ही पानं वाया जात नाहीत. परदेशी पीएचडीच्या अर्जाला लेखनाचा नमुना एवढ्याच लांबीचा मागतात.

लोक कुठे घसरतात? 'इम्प्रेशनिझममधला प्रकाश' असा विषय घेतात आणि तिसऱ्या आठवड्यात बुडतात. किंवा चित्रकाराचं चरित्र लिहीत सुटतात. मोनेचा मोतीबिंदू, बायकोचं मरण, जिव्हर्नीची बाग. हे सगळं शंभरदा लिहून झालंय. तुमची फाइल त्या ४८ × ६३ च्या बाहेर गेली की तिला आवरा.

समजा सहा महिन्यांनंतरही गोडी टिकली, तर पैशाचा रस्ता वेगळा आहे. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत कला-इतिहासाच्या पीएचडीला प्रवेश मिळाला तर फी माफ आणि वर निर्वाहभत्ता मिळतो, पाच-सहा वर्षं. जागा अगदी थोड्या, पण घर गहाण पडत नाही. तिथे फ्रेंच आणि जर्मन वाचनाची परीक्षा द्यावी लागते. फ्रान्समध्ये सरकारी विद्यापीठातल्या मास्टर्सची युरोपबाहेरच्यांसाठीची फी २०१९ मध्ये वर्षाला ३,७७० युरो ठरली, पुढे थोडी वाढली. काही विद्यापीठं त्यातूनही सूट देतात. फ्रेंच दूतावासाची शार्पाक शिष्यवृत्ती आहे, मुंबईत जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आहे, इनलॅक्स आहे. म्हणजे फ्रेंच आलं की फ्रान्स लंडनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, आणि कागदपत्रंही तिथेच आहेत.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या, कारण ती कुणी सांगत नाही. फ्रान्सच्या सरकारी संग्रहालयांतली अभिरक्षकाची (क्युरेटरची) कायम नोकरी स्पर्धा परीक्षेतून मिळते आणि त्यासाठी युरोपीय नागरिकत्व लागतं. विद्यापीठातल्या अध्यापकपदांना ती अट नाही. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात अभिरक्षक होण्याचं स्वप्न असेल तर ते भारतीय पासपोर्टवर पूर्ण होणारं नाही. तिथे संशोधक म्हणून कपाटं उघडता येतील, किल्ली मिळणार नाही. इतरत्रही पहिली बरीच वर्षं करारावरची जातात. आज एका प्रदर्शनासाठी अठरा महिने, मग कुठे कॅटलॉगच्या नोंदी, मग एखादं अध्यापन. आणि कामं चिवट असतात. जॉन रिवाल्ड यांचं उदाहरण घ्या, आधुनिक पद्धतीचा इम्प्रेशनिझमचा इतिहास ज्यांनी पहिल्यांदा नीट लिहिला. जन्म १९१२, बर्लिन. सेझानवरचा प्रबंध १९३६ मध्ये सॉर्बोनला दिला. त्याच काळात सेझानने दक्षिण फ्रान्समधल्या एक्स गावाच्या परिसरात जिथे जिथे बसून चित्रं काढली त्या जागा शोधून त्यांचे फोटो काढले, पुढे तिथे इमारती झाल्या. युद्धात अमेरिकेला पळावं लागलं, १९४६ मध्ये ते पुस्तक आलं. सेझानच्या तैलचित्रांची सूची मात्र १९९४ मध्ये ते गेले तेव्हाही छापून झाली नव्हती. दोन सहकाऱ्यांनी ती १९९६ मध्ये काढली.

म्हणून बाबांशी बोलताना 'लंडन की बीएड' असा प्रश्न ठेवूच नका. मधला रस्ता बडोद्याला जातो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत कला-इतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे, पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा. तुमची पदवी इतिहासातली, तेव्हा पात्रतेच्या अटी अर्जाआधी वाचून घ्या. फी आपल्या आवाक्यातली, आणि शेजारी सयाजीरावांनी जमवलेली युरोपीय तैलचित्रं बडोदा संग्रहालयात. खरा जाड रंग, तडे, पिवळं पडलेलं व्हार्निश हे तिथे नाकासमोर पाहता येतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या टाटा संग्रहातही. चित्रं इम्प्रेशनिस्टांचीच हवीत असं नाही, डोळा तयार व्हायला कुठलंही जुनं तैलचित्र चालतं. त्या पदवीवर ५५ टक्के असले की 'व्हिज्युअल आर्ट' विषयात नेट देता येते. ती झाली की बीएडपेक्षा वाईट नोकरी मिळणार नाही, हे बाबांना पटेल. त्या दोन वर्षांत फ्रेंच बी-२ वर आणायचं आणि मग शिष्यवृत्त्यांचे अर्ज.

आणि आता कोल्हापूरचंच. आबालाल रहिमान, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, १९३१ मध्ये गेले. त्यांच्या निसर्गचित्रांना मराठीत सर्रास 'इम्प्रेशनिस्ट' म्हटलं जातं. कशावरून? त्यांनी कुठलं फ्रेंच चित्र पाहिलं होतं का, निदान छापील? कोणत्या मासिकात, कोणत्या साली? की जे. जे.मध्ये शिकलेला माणूस उघड्यावर बसून रंगवायला लागला की त्याचा ब्रश आपोआप तसा फुटतो? याचं उत्तर फाइलीतूनच निघेल, आणि तुम्ही त्या कागदांपासून रिक्षाच्या अंतरावर राहता. पॅरिसच्या चित्रावर हात बसला की दुसरी फाइल आबालाल यांच्या एखाद्या चित्राची करा. पीएचडीच्या निवड समितीपुढे मोनेवरचे अर्ज ढिगाने येतात, असा एखादाच येतो.

त्यासाठी कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जाताना अभिरक्षकांच्या नावाने आधी लेखी अर्ज द्या, त्यात कोणतं चित्र, कशासाठी, किती वेळ ते लिहा. मागची बाजू पाहायला मिळेल का हे त्याच अर्जात विचारा. चित्र तुम्ही उचलायचं नाही, तेच उतरवतील. सोबत छोटी टॉर्च न्या आणि ती चित्राच्या बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे ब्रशचे उंचवटे आणि जुनी दुरुस्ती सावलीत उठून दिसेल. टेप शिंप्याची, कापडी. धातूची चित्राजवळ नको. पेनही बाहेर ठेवा, नोंदी पेन्सिलीनेच करा.